कार्डाचा पिन काउंटरवर विचारू नका, सांगूही नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सांगलीच्या गणपती पेठेत, हरभट रोडवर किंवा मिरजेत दवाखान्यांजवळच्या औषध दुकानांत 'पिन काय?' हा प्रश्न सर्रास कानावर पडतो आणि ग्राहक चारचौघांत आकडे सांगून मोकळा होतो. दुकानदाराला गर्दी उरकायची असते, मनात वाईट काही नसते. पण या सवयीने ग्राहकाचे संरक्षण जाते.

रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार, चूक बँकेचीही नाही आणि ग्राहकाचीही नाही अशा फसवणुकीत बँकेचा मेसेज आल्यापासून ३ कामकाजाच्या दिवसांत तक्रार केली तर ग्राहकाला एक रुपयाही सोसावा लागत नाही. ४ ते ७ कामकाजाचे दिवस लागले, तर ५ लाखांपर्यंत मर्यादेच्या क्रेडिट कार्डावर जास्तीत जास्त १०,००० रुपये आणि त्यावरच्या कार्डावर २५,००० रुपये अंगावर येतात. मात्र पिन स्वतःच सांगितला असेल, तर तो निष्काळजीपणा ठरतो आणि बँकेला कळवेपर्यंतचे सगळे नुकसान ग्राहकाचे. म्हणून मशीन ग्राहकाच्या हातात द्यावे. वायर पुरत नसेल तर ग्राहकाला आत बोलवावे.

कार्ड नजरेआड जाऊ देऊ नये. मागच्या काळ्या पट्टीवरची माहिती छोट्या यंत्रातून क्षणात उतरवता येते. चिप दर व्यवहाराला नवा संकेत तयार करते, म्हणून तिची नक्कल उपयोगी पडत नाही. त्यामुळे चिप चालत असताना कोणी पट्टी ओढू लागला तर थांबवावे. कार्डाच्या दोन्ही बाजूंचा फोटो तर त्याहून घातक, कारण परदेशी संकेतस्थळांवर ओटीपीशिवायही पैसे कापले जातात. सीव्हीव्ही, म्हणजे कार्डामागचे तीन आकडे, पाठ करून त्यावर चिकटपट्टी लावावी. परदेशी व्यवहार बँकेच्या अ‍ॅपमध्ये बंद ठेवावेत. पिनशिवाय, कार्ड मशीनला नुसते टेकवून (टॅप करून) एका वेळी ५,००० रुपयांपर्यंत खर्च होतो. ही सोय नको असेल तर तीही तिथेच बंद करता येते.

दुकानदारांनाही धोका कमी नाही. १८,००० चे बिल चार वेळा साडेचार हजारांचे टॅप करून भरू पाहणाऱ्याकडे पिन नसण्याची शक्यता मोठी, म्हणजे कार्ड दुसऱ्याचे. अशा वेळी पूर्ण रक्कम एकदाच, पिन टाकून घ्यावी. भांडण करू नये, कार्ड हिसकावू नये. दुसऱ्या मार्गाने पैसे मागावेत. फोनवर ऑर्डर देऊन परदेशी कार्डाचा नंबर कळवणाऱ्या अनोळखी ग्राहकाचा माल घाईने पाठवू नये. खऱ्या कार्डधारकाने हरकत घेतली की रक्कम दुकानाच्या खात्यातून परत जाते, माल गेलेला असतो. मिरजेच्या सतार-तंबोरा कारागिरांनी याकडे विशेष लक्ष द्यावे, कारण त्यांचे एकेक वाद्य महाग असते. मशीनवरून पैसे परत करण्याचा (रिफंडचा) पासवर्ड मालकाकडेच असावा. 'मशीन बदलायला आलोय' म्हणणाऱ्याला आधी बँकेच्या हेल्पलाइनवर खात्री करूनच हात लावू द्यावा, आणि मशीनचा अनुक्रमांक वहीत लिहून ठेवावा.

फसवणूक झालीच, तर आधी अ‍ॅपमधून कार्ड बंद करावे. मग कार्डामागच्या नंबरावर बँकेला कळवून तक्रार क्रमांक घ्यावा. कार्डच हरवले तर तो नंबर मिळणार नाही, म्हणून तो आजच मोबाइलमध्ये जतन करावा. इंटरनेटवर शोधलेले 'कस्टमर केअर' अनेकदा भामट्यांचेच असते. लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करून राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवावी. बँकेला लेखी देताना तारीख, रक्कम, मेसेजमधले दुकानाचे नाव आणि असेल तर मशीनमधून निघालेली पावती (चार्ज स्लिप) जोडावी. कळवल्यापासून १० कामकाजाच्या दिवसांत बँकेने वादातील रक्कम तात्पुरती जमा करायची असते आणि ९० दिवसांत निकाल द्यायचा असतो. चूक ग्राहकाची होती हे सिद्ध करण्याची जबाबदारी बँकेची आहे, हे शाखेत ठामपणे सांगावे. ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा तक्रार फेटाळली, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क दाद मागता येते. माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे.

आपला,
एक निवृत्त बँक कर्मचारी, विश्रामबाग, सांगली