स्मरण: मूकपटाचा वेग आणि गेट आधी तपासा

सर्व सभासदांना पुन्हा विनंती की मूकपटाचं रीळ सरसकट सेकंदाला २४ फ्रेमच्या (फिल्मवरच्या एकेका चित्राच्या) वेगाने लावू नये. ३५ मिमी फिल्मच्या एका फुटात १६ फ्रेम बसतात. म्हणजे १००० फुटांचं रीळ सेकंदाला १६ फ्रेमने १६ मिनिटं ४० सेकंद चालतं. तेच २४ ने सव्वाअकरा मिनिटांच्या आतच संपतं. मग शोकाकुल नायिकाही तुरुतुरु चालते नि प्रेक्षक नको तिथे हसतात.

नेमका आकडा मात्र ठरलेला नसतो, कारण कॅमेरा बहुधा हाताने फिरवलेला. साध्या चालीवरून, ओतल्या जाणाऱ्या पाण्यावरून वेग जुळवावा. विनोदी पाठलागावरून नको, तो पडद्यावर भरधाव दिसावा म्हणून मुद्दाम सावकाश हँडल फिरवून टिपलेला असू शकतो.

वेग १६ ठेवल्यास तीन पात्यांचं शटर (प्रकाश अडवणारी फिरती चकती) लावा. दोन पात्यांचं सेकंदाला ३२ वेळाच प्रकाश सोडतं, पडदा लुकलुकतो. तीन पात्यांनी ४८ होतात.

बोलपटाचं गेट (प्रोजेक्टरमधली फिल्मसमोरची चौकट) ठेवलंत तर ध्वनिपट्टीच्या बाजूचं चित्र कापलं जातं. पूर्ण फ्रेमचं गेटच बसवा.

कडेला 'नायट्रेट' छापलेलं रीळ प्रोजेक्टरवर अजिबात चढवू नये. ती फिल्म पेटली की पाण्याखालीही जळत राहते.