मॅडम, कॅलेंडरच्या त्या पानासाठी

आदरणीय मॅडम,
सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव लिहीत नाही. कोल्हापुरात तुमच्या हाताखाली प्राणिशास्त्र शिकलेली पोरं ओळखतीलच.

मे महिन्यात रिपोर्ट घेऊन तुमच्या दारात उभा राहिलो, त्यावर शुक्राणूंचा आकडा शून्य होता. त्याआधी दोन वर्षं तपासण्या फक्त माझ्या बायकोच्या चालल्या होत्या. एका डॉक्टरांनी तर "काही होणार नाही" म्हणून दोन मिनिटांत बोळवण केली. तालमीत वाढलेला माणूस मी, तो कागद घरातसुद्धा दाखवला नव्हता.

तुम्ही चहा ठेवलात, जुन्या कॅलेंडरचं पान उलटं करून पेन्सिलीनं नळ्या काढल्यात आणि विचारलंत, "गुऱ्हाळ बघितलंयस ना?" रस आटल्याशिवाय गूळ होत नाही, तसंच वृषणातून शुक्राणू भरपूर पाण्यातून निघतात आणि अधिवृषणाकडं, म्हणजे शुक्राणू जिथं पिकतात आणि साठतात तिकडं, जाणाऱ्या बारीक नळ्या त्यातलं जवळपास ९० टक्के पाणी परत शोषून घेतात. मी विचारलं, मग तिथं चुलवाण कुठलं? तुम्ही मीठ लावून ठेवलेल्या कैरीच्या फोडींचं ताट पुढं केलंत. तळाला पाणी सुटलं होतं. नळीच्या पेशी आधी सोडियम ओढतात, त्यामागोमाग पाणी येतं. आणि त्या कामाचा एक मोठा हुकूम इस्ट्रोजेन या संप्रेरकाचा! मी "बायकांचं?" म्हणालो, तेव्हा तुम्ही १९९७ सालचं उंदरांवरचं संशोधन सांगितलंत. इस्ट्रोजेनचा एक रिसेप्टर, म्हणजे त्याचा निरोप घेणारं पेशीतलं प्रथिन, नसलेल्या नरांत पाणी शोषलं जात नाही, ते तुंबतं आणि मागं दाब येऊन वृषण खराब होतात. मर्दपणाविषयीचं माझं अर्धं ओझं तिथंच उतरलं.

मग तुम्ही विचारलंत, "तुझ्या मामाला मुलं आहेत?" नव्हती. त्याच नळ्यांच्या पेशींवर एडीजीआरजी २ नावाचा रिसेप्टर असतो, त्याचं जनुक एक्स गुणसूत्रावर, म्हणजे मुलाला आईकडून येणारं. ते बिघडलं तर शुक्रवाहिन्या जन्मतःच नसू शकतात, हे पुरुषांमध्ये २०१६ साली दाखवलं गेलं. तपासणीत माझं तेच निघालं. शुक्राणू आत तयार होतात, त्यांना बाहेर यायला वाट नाही. सुईनं काढून इक्सी, म्हणजे एकेक शुक्राणू प्रयोगशाळेत थेट स्त्रीबीजात सोडणं, करता येतं. पुढच्या महिन्यात आमची तारीख आहे. बायको आता रात्री झोपते, एवढं सांगतो.

मामा गेले. त्यांची तपासणी कधी झालीच नाही, त्यामुळं खात्रीनं बोलता येत नाही, हे तुम्हीच बजावलंत. पण मामीनं चाळीस वर्षं वांझ म्हणून ऐकून घेतलंय. परवा कागलला जाऊन ते पान तिच्यापुढं ठेवलं, जमेल तसं सांगितलं. तिनं पेन्सिलीच्या नळ्यांवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "ह्या बाईंना मला एकदा बघायचंय."

रविवारी घेऊन येऊ का?

तुमचा विद्यार्थी