सर्किट नाकारताना जोडणी पाहा

महोदय,

इलेक्ट्रॉनिक सर्किटवरील पेटंटचा अर्ज नाकारला गेला, तर पेटंट कायद्याच्या कलम ११७अ नुसार तीन महिन्यांत अपील करता येते. बौद्धिक संपदा अपील मंडळ २०२१ मध्ये बंद झाल्यापासून हे अपील थेट उच्च न्यायालयात करावे लागते. भोसरी किंवा सातपूरच्या छोट्या उद्योजकाला तो खर्च झेपणे कठीण असल्यामुळे नकाराचा मूळ आदेशच काळजीपूर्वक लिहिला जाणे फार गरजेचे आहे.

सर्किटच्या शोधावर अन्याय होतो तो केवळ सुट्या भागांची यादी पाहिल्याने. ऑप-अॅम्प (सिग्नल मोठा करणारी चिप) आणि डायोड (एकाच दिशेने वीज जाऊ देणारा भाग) दोन्ही जुनेच. ऑप-अॅम्पच्या पुढे डायोड जोडून फीडबॅक, म्हणजे बाहेर पडणारा सिग्नल परत ऑप-अॅम्पकडे नेणारी जोडणी, डायोडच्या अलीकडून घेतला, तर सिलिकॉन डायोडवर सुमारे ०.६ ते ०.७ व्होल्ट खर्ची पडतात आणि काही मिलिव्होल्टचा सिग्नल पलीकडे पोचतच नाही. फीडबॅकची तीच तार डायोडच्या पलीकडे नेली, की ही तूट ऑप-अॅम्प स्वतःच भरून काढतो आणि तेवढ्या लहान सिग्नलचेही व्यवस्थित रेक्टिफिकेशन, म्हणजे उलटसुलट सिग्नलचे एकाच दिशेच्या सिग्नलमध्ये रूपांतर, होते. हे सर्किट आता पाठ्यपुस्तकातले असल्याने त्यावर कोणी पेटंट मागणार नाही, पण एका तारेची जागा बदलल्याने काय साधते, हे त्यातून स्पष्ट दिसते.

म्हणून दोन जुन्या दस्तऐवजांतून भाग वेचून ‘जाणकाराला हे सहज सुचले असते’ असे लिहिताना, अर्जातील जोडणी त्यांपैकी कशात आहे आणि नसेल तर जाणकार तिच्याकडे का वळला असता, हे आदेशात आलेच पाहिजे. अॅग्रिबोर्ड कंपनीच्या पेटंट प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये अशाच कारणमीमांसेची अपेक्षा व्यक्त केली होती. ती नसलेला आदेश रद्द होऊन प्रकरण पुन्हा पेटंट कार्यालयाकडे जाते. मात्र पेटंटची २० वर्षे अर्जाच्या तारखेपासून मोजली जात असल्याने मधला काळ शोध लावणाऱ्याचाच वाया जातो.

अर्जदारांनीही पेटंट कार्यालयाच्या आक्षेपांच्या परीक्षण अहवालाला दिलेल्या उत्तरातच मोजमापे आणि ऑसिलोस्कोपवरील आलेख जोडावेत. आदेशात उघड चूक असेल, तर एका महिन्यात नियंत्रकांकडेच (अर्जावर निर्णय देणाऱ्या पेटंट अधिकाऱ्यांकडेच) पुनर्विलोकन मागता येते, हा मार्ग पुष्कळांच्या लक्षातच येत नाही. नियंत्रकांनी सर्किटच्या प्रत्येक नकारात अर्जातील आणि जुन्या दस्तऐवजातील जोडण्यांची तुलना नोंदवणे बंधनकारक करावे, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

— एक इलेक्ट्रॉनिक्स अभियंता, पुणे