तक्रार: फर्मवेअर 2.20 नंतर घडवलेल्या आवाजांचे लूप बिघडतात

प्रति,
ग्राहक सेवा विभाग

प्रेषक: झाडीपट्टी नाटकांचे सिंथवादक,
देसाईगंज (वडसा), जि. गडचिरोली

महोदय,

आपल्या 61 की असलेल्या डिजिटल सिंथेसायझरचे फर्मवेअर (वाद्याच्या आतले सॉफ्टवेअर) 2.10 वरून 2.20 केले आणि वेव्ह एडिटमध्ये घडवलेले आवाज बेसूर झाले. वाद्ये तीन आहेत, वेगवेगळ्या वर्षी घेतलेली. तिन्हींवर दोष तोच, म्हणजे तो बोर्डाचा किंवा कीबेडचा नाही. तो कुठे आहे हे शोधून काढले आहे, म्हणून सविस्तर लिहीत आहोत.

काळी एकचा खालचा सा म्हणजे 138.59 हर्ट्झ. 44,100 हर्ट्झ सॅम्पलिंगला, म्हणजे सेकंदाला 44,100 बिंदू नोंदवताना, त्याचे एक आवर्तन 318 बिंदूंत बसते. तेवढेच आवर्तन कापायचे, सुरुवात आणि शेवट दोन्ही शून्यरेषेवर, तरंग वर चढत असताना ठेवायचे, की लूपचा, म्हणजे पुन्हा पुन्हा वाजणाऱ्या तुकड्याचा, सांधा कळत नाही. 2.10 मध्ये तो कळत नव्हता. आता स्क्रीनवर लांबी 318 च दिसते, पण तोच आवाज पेनड्राइव्हवर घेऊन संगणकात उघडला की फाइलमध्ये 320 निघते. सूर 11 सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) उतरतो आणि ते दोन जादा बिंदू पुढच्या आवर्तनाचे असल्याने सांधा तुटतो. हा तुटका सांधा सेकंदाला जवळपास 138 वेळा येतो, त्यामुळे टक् असा सुटा ऐकू येत नाही, सुरालाच चिकटलेली चरचर होते. ऐकणारा आधी स्पीकरला दोष देतो. फिल्टरचा कटऑफ (ज्याच्या वरचे ध्वनी कापले जातात ती मर्यादा) 96 वरून 60 वर आणला तर चरचर दबते, पण आवाजाची धारही जाते.

वरच्या सप्तकात आणखी वाईट. तिथे आवर्तन 159 बिंदूंचे, फाइलमध्ये 128. सूर सुमारे 375 सेंट चढतो. सा दाबला की जवळजवळ शुद्ध गंधार वाजतो!

पेटीच्या लांब लूपमध्ये 22,050 चे 22,080 झाले आहेत. 320, 128, 22,080 हे तिन्ही आकडे 64 च्या पटीत आहेत. नवे फर्मवेअर लूपची लांबी 64 च्या जवळच्या पटीत बसवते, हे यावरून उघड आहे.

पेटीचा लूप लांब का ठेवावा लागतो, हे आपल्या तंत्रज्ञांना सांगायला हवे, कारण सेवा केंद्राने 'लूप लहान करा' असे उत्तर दिले. पेटीत एका कीवर दोन सूर एकत्र बोलतात आणि त्यांच्यात किंचित फरक असतो. आमच्या पेटीत त्या फरकाने सेकंदाला दोन लहरी येतात. एक पूर्ण लहर अर्ध्या सेकंदाची, म्हणजे 22,050 बिंदूंची. लूपमध्ये पूर्ण लहर मावली तरच पेटी भरदार लागते. लहर मध्येच तोडली तर सूर थरथरतो, आणि एकच आवर्तन घेतले तर भोंगा वाजल्यासारखे होते. आता 30 बिंदू पुढे सांधा पडतो, तिथे तरंग शून्यावर नसतो, आणि गायक नाट्यपदात सा धरून उभा असताना दर अर्ध्या सेकंदाला टक् टक् ऐकू येते. रात्रभर चालणाऱ्या नाटकात हे चालत नाही.

तात्पुरते उपाय करून पाहिले. एका आवर्तनाचे आवाज 64 वेळा जोडले तर लांबी आपोआप 64 च्या पटीत येते (159 चे 10,176) आणि सूर जागेवर बसतो. पेटीला हा मार्ग परवडत नाही. 22,050 बिंदू किमान 32 वेळा जोडावे लागतात, म्हणजे बिंदूला दोन बाइट धरून एका सॅम्पलला (नोंदवलेल्या एका सुराला) सुमारे 1.4 एमबी. दर चार कींना एक धरून 16 सॅम्पल होतात, त्यांना साडेबावीस एमबी लागतात. वाद्यात वापरकर्त्यासाठी 16 एमबीच आहे. सॅम्पल ताणून 22,080 चे केले तर सूर सुमारे 2.4 सेंट उतरतो. प्रत्येक सॅम्पलची चूक वेगळी, आणि फाइन ट्यून मात्र संपूर्ण आवाजाला एकच. तेव्हा तेही जमत नाही.

सेवा केंद्राने फॅक्टरी रीसेट करायला सांगितले. त्याने दोष जात नाही, वापरकर्त्याच्या वेव्ह मात्र पुसल्या जातात. 2.10 मध्ये घेतलेला बॅकअप परत चढवला तरी तो आत जाताना 64 च्या पटीत बदलतो. जुने फर्मवेअर टाकायला गेले तर वाद्य ते नाकारते. म्हणजे आज परतीचा रस्ताच नाही.

आमची मागणी अशी. लूपची लांबी बिंदूगणिक पूर्वीसारखी ठेवणारी दुरुस्ती द्यावी. तिला वेळ लागणार असेल तर 2.10 परत टाकता येईल अशी फाइल 15 दिवसांत पाठवावी, कारण दिवाळीनंतर मंडई (गावोगावच्या जत्रा) सुरू होतात आणि तालमी त्याआधीच लागतात. आणि हा दोष घेऊन येणाऱ्या कोणालाही रीसेट सांगू नये, अशी लेखी सूचना सेवा केंद्रांना आजच द्यावी. ज्यांच्याकडे बॅकअप नाही त्यांचे काम त्या एका बटणाने कायमचे जाते.

सोबत पेनड्राइव्हमध्ये तिन्ही आवाजांच्या 2.10 आणि 2.20 मधील फाइली जोडल्या आहेत. वाद्य तपासणीसाठी नागपूरला पाठवायचे असल्यास बदली वाद्य आधी मिळावे.

आपले,
झाडीपट्टीतील तीन सिंथवादक