ऋचा समुद्रावर निघाली आहे

पुणे, १८ मे

प्रिय शुभे,

तुझे दोन फोन मी घेतले नाहीत, रागावली असशील. खुशाल रागाव, पण पत्र शेवटपर्यंत वाच. हे फोनवर बोलता येण्यासारखं नाही; आमच्या फ्लॅटच्या भिंती पातळ आणि मिलिंदचे कान तिखट. तब्येत बरी. गुडघा कुरकुरतो, साखर हद्दीत आहे. झालं.

ऋचा समुद्रावर निघाली आहे. जर्मनीत सेमिस्टरच्या मध्येच पेंटेकॉस्ट या ख्रिस्ती सणाची सुट्टी येते, तेवढ्यात चौघीजणी पोर्तुगालला चालल्यात. दक्षिणेला अल्गार्व्ह म्हणून भाग आहे, तिथलं लागोस गाव. शनिवारी सकाळचं विमान. जर्मनीचं रेसिडेन्स परमिट असल्यावर पोर्तुगालला वेगळा व्हिसा लागत नाही, म्हणजे तीही आडकाठी नाही. पैशांचं म्हणावं, तर तिच्या खर्चासाठी आधीच भरून ठेवलेल्या ब्लॉक्ड अकाउंटातून महिन्याला ९९२ युरो सुटतात, त्यातूनच पोरीने बाजूला काढलेत. मी कुठल्या तोंडाने नाही म्हणू? आणि मला नाही म्हणायचंच नाहीये गं. तिने जावं, मनसोक्त भिजावं असंच वाटतं. पण काल तिने फोनवर सांगितलं आणि माझे हातपाय गार पडले. का, ते या जगात फक्त तुला माहीत आहे.

मिलिंद म्हणाला, “१७३९ साली चिमाजीअप्पांनी वसई घेतली, त्या पुण्याची मुलगी पोर्तुगीजांच्या समुद्राला भिते होय!” स्वतःच हसला. मी पोळ्या लाटत राहिले.

शुभे, मला अजून तो खडक दिसतो. हरिहरेश्वरच्या प्रदक्षिणेची वाट, पायऱ्या उतरून खाली आल्यावरची ती जाळी पडलेली दगडं, त्यांच्या भोकाभोकांत साचलेलं पाणी. ओहोटी संपत आली होती आणि गुरवांनी आधीच बजावलं होतं. कुंदा पुढे गेली होती. लाट आली तेव्हा आवाजसुद्धा झाला नाही, नुसतं पाणी वर चढलं आणि परत जाताना माझे पाय घेऊन गेलं. तू माझी वेणी धरलीस. दोन्ही हातांनी. शेवाळावर माझं कोपर सोलत गेलं, आणि तू सोडली नाहीस. वाहून गेलेली कोल्हापुरी माझी होती, तुझी नव्हे. हे मी आजही तुला लिहून देते. तुझ्या चपलेचा नुसता अंगठा तुटला होता. कुंदाला विचार.

घरी कुणाला सांगायचं नाही असं एसटीतच ठरलं. कोपराचं ‘पायरीवरून पडले’ म्हणून खपलं. आईला शेवटपर्यंत कळलं नाही, मिलिंदलाही नाही. २०१६ च्या फेब्रुवारीत मुरूडला पुण्याच्या कॉलेजची १४ मुलं बुडाली, त्या रात्री मी तुला फोन लावला होता, आठवतं? ऋचा तेव्हा शाळेत. दुसऱ्याच उन्हाळ्यात मी तिला टिळक तलावावर घातलं. पाठीला डबा बांधून घ्यायला लाजायची! आता मासोळीसारखी पोहते. पण तलावाचं पाणी कुणाला ओढून नेत नाही ना.

काल रात्रभर फोनवर वाचत बसले. तिथे झेंड्यांची पद्धत आहे: हिरवा असेल तर पोहा, पिवळा असेल तर उतरा पण पोहू नका, लाल असेल तर पाण्यात पाऊलही नको. निळ्या-पांढऱ्या चौकटींचा लावला असेल तर जीवरक्षक तेवढ्यापुरता जागेवर नाही. पण सगळ्या किनाऱ्यांवर मे महिन्यात जीवरक्षक असतातच असं नाही, उन्हाळ्याचा हंगाम धरून नेमतात. पाणी अटलांटिकचं, गार. वर ते पिवळे-तांबूस कडे, ज्यांच्या सावलीत लोक टॉवेल पसरून झोपतात! २००९ च्या ऑगस्टमध्ये अल्बुफेइराजवळ असाच एक कडा कोसळून पाचजण गेले. आणि प्रवाहाने आत ओढलं तर किनाऱ्याकडे झटायचं नाही म्हणे, त्यात दम संपतो. किनाऱ्याला समांतर पोहत प्रवाहाच्या बाहेर पडायचं. आपल्याला हे कुणी सांगितलं होतं का गं?

हे सगळं मी तिला पाठवलं. तिने अंगठा दाखवला आणि “आई, चिल.” मी काही सांगितलं तर ती नुसती आईची काळजी ठरते, आणि आईची काळजी मुली कानाआड करतात, आपणही तेच केलं. कारण कळल्याशिवाय तिला ते पटायचं नाही.

म्हणून तुला लिहिते आहे. तूच तिला सांग. मी सांगायला बसले तर रडेन, मग ती जाणंच रद्द करेल, आणि ते मला अजिबात नको. तू खडकावर उभी होतीस, तू सरळ सांगशील. शुभामावशीचं ती ऐकते. दहावीनंतर सायन्स घेऊ नको हे तुझंच ऐकलं होतं (त्यावरून मी तुझ्याशी वर्षभर धड बोलले नव्हते, तो हिशेब बाकी आहे).

सुनेला कितवा महिना? डिंकाचे लाडू पाठवते. इंदूरचं नवं घर पावसाळ्याआधी बघायला येईन.

पत्र उद्या कुरियरने टाकते, बुधवार-गुरुवारी पोचेल. ती आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे आहे, रात्री नऊनंतर फोन कर, पण शुक्रवार उलटू देऊ नकोस. मिलिंदला मी स्वतः सांगते, आजच जेवणं झाल्यावर.

तुझी,
माधवी