आवाज वाढवून शब्द कळत नाहीत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

टीव्हीच्या आवाजावरून घराघरांत रोज कुरबुर होते. ज्येष्ठ म्हणतात, ‘बोललेलं कळत नाही’. बाकीचे म्हणतात, ‘कान फुटायची वेळ आली’. दोघांचंही खरं असतं. शेवटी ज्येष्ठ मुकाट्याने उठून आतल्या खोलीत जातात आणि सगळ्यांनी मिळून टीव्ही बघणं तिथेच संपतं. याचं वाईट वाटतं, कारण बऱ्याच घरांत दोष कानांइतकाच संचाच्या सेटिंगचाही असतो.

वयानुसार आधी वरच्या पट्टीचे आवाज ऐकू येईनासे होतात. स, श, च, फ यांसारखी व्यंजनं त्याच पट्टीत येतात. आवाजाचा जोर असतो स्वरांत, पण ‘सात’ की ‘हात’ हे ठरतं व्यंजनावरून. त्यामुळे आवाज वाढवला की स्वर आणि पार्श्वसंगीत दणदणतं, घोळ मात्र तसाच राहतो. त्यात हल्लीचे संच पातळ. पुढे तोंड केलेल्या स्पीकरला जागाच नसते. तो खाली किंवा मागे बसवतात आणि आवाज भिंतीवर आपटून येतो.

दुसरी अडचण आवाजांच्या मिश्रणाची. ५.१ ध्वनीत (पाच स्पीकर आणि एक खर्जाचा स्पीकर यांसाठी वेगवेगळे आवाज) संवाद मुख्यतः मधल्या चॅनेलवर, म्हणजे मधल्या स्पीकरसाठीच्या आवाजात असतात. संचात दोनच स्पीकर असले की सगळे चॅनेल त्यांतच कोंबले जातात आणि संवाद संगीताखाली दबतात. म्हणून टीव्हीवरच्या अॅपच्या ऑडिओ यादीत ५.१ ऐवजी स्टिरिओ (दोन स्पीकरसाठीचा आवाज) निवडावं. संचातला सराउंड (चहूबाजूंनी आवाज येत असल्याचा भास) बंद करावा, बेस दोन-तीन पायऱ्या उतरवावा (जाड आवाज बारीक आवाजाला झाकतो), ट्रेबल (बारीक आवाज) तेवढाच चढवावा. ‘क्लिअर व्हॉइस’सारखी सोय असेल तर ती चालू ठेवावी. रात्री ‘नाइट मोड’ लावला की कुजबुज आणि स्फोट यांतलं अंतर कमी होतं. साउंडबार घ्यायचाच तर मधला चॅनेल असलेला घ्यावा आणि कपाटाच्या कप्प्यात कोंडू नये. साध्या ब्लूटूथ हेडफोनमध्ये आवाज अनेकदा ओठांच्या मागे पडतो. ओठ बघून शब्द पकडणाऱ्याला ते फार त्रासाचं. तिथे वायरचा हेडफोन बरा.

जाहिराती मोठ्याने का वाजतात? त्यांचं शिखर, म्हणजे सर्वांत मोठा आवाज, कार्यक्रमाइतकंच असलं, तरी हळू भाग दाबून वर आणलेले असतात, म्हणून सरासरी जोर वाढतो. युरोपियन ब्रॉडकास्टिंग युनियनने २०१० मध्ये ‘आर १२८’ या शिफारशीत हाच सरासरी जोर उणे २३ एलयूएफएस (कानाला जाणवणारा जोर मोजायचं एकक) असा ठरवून दिला. प्रत्येक वाहिनीने असं मोजमाप पाळावं, ही प्रेक्षकांची मागणी असायला हवी.

सबटायटल लावण्यात कमीपणा मुळीच नाही. एवढं करूनही शब्द निसटत असतील आणि समोरासमोरच्या बोलण्यातही तसंच होत असेल, तर मात्र लवकर श्रवणचाचणी करून घ्यावी.

आपला,
एक ध्वनितंत्रज्ञ वाचक