शिक्षणमंत्र्यांना खुलं पत्र: फाटक्या पुस्तकांचे पैसे ग्रंथपालाच्या पगारातून कापू नका

मा. शालेय शिक्षणमंत्री महोदय,

सप्रेम नमस्कार. मी शाळेत ग्रंथपाल आहे. काल नोटीस मिळाली, हरवलेल्या आणि फाटलेल्या पुस्तकांची किंमत माझ्या पगारातून वसूल करणार म्हणून. यातल्या जीर्ण पुस्तकांच्या निर्लेखनाला, म्हणजे ती नोंदीतून कमी करायला, मंजुरी देतो असं मागच्या ऑडिटला तोंडी सांगितलं होतं, तो प्रस्ताव अजून वरच पडून आहे आणि तीच पुस्तकं आता माझ्या नावावर तूट म्हणून लावलीत.

साहेब, ही पुस्तकं मी घरी नेली नाहीत. गठ्ठे बांधून कपाटात ठेवलीत, कारण मंजुरीशिवाय रद्दीत देता येत नाही. तिथे त्यांना कसर लागते आणि ती शेजारच्या चांगल्या पुस्तकांत शिरते. हल्लीची बरीच पुस्तकं शिवलेली नसतात, नुसती गोंदाने चिकटवलेली असतात. पाठीचा गोंद सुकला की पानं सुटतात, त्यात पोरांचा काय दोष? बाइंडिंगला पैसे मिळत नाहीत म्हणून सेलोटेप लावायचा, तर त्याचा चिकटा पिवळा पडून कागदात उतरतो आणि पान कायमचं जातं. रात्री घरी बसून सुईदोऱ्याने पुस्तकं शिवलीत मी, त्याची नोंद कुठल्याच रजिस्टरला नाही, हरवलेल्यांची मात्र बरोबर आहे.

केंद्र सरकारच्या 2017 च्या सामान्य वित्तीय नियमांतला नियम 215 वाचा. वर्षभरात वाचायला दिलेल्या दर 1000 पुस्तकांमागे 5 गहाळ होणं त्यात वाजवी मानलंय, फक्त त्यामागे अप्रामाणिकपणा किंवा निष्काळजीपणा नको. तिथे मोठ्या माणसांना पुस्तकं देणाऱ्याला ही सूट मिळते, मग दहा वर्षांच्या पोरांना पुस्तकं देणाऱ्याला का नाही?

या वसुलीचा परिणाम सांगते. ग्रंथपाल घाबरतो आणि कपाटाला कुलूप लावतो. मग तूट शून्य, शेरा उत्तम! शिक्षण हक्क कायदा 2009 च्या अनुसूचीत प्रत्येक शाळेत ग्रंथालय आणि गोष्टीची पुस्तकं हवीत असं लिहिलंय, ती काय बंद कपाटात ठेवायला? आणि दंड पालकांकडून घ्या म्हणाल तर ज्याच्या घरी पैसे नाहीत ते पोर परत पुस्तक मागायलाच येत नाही, हे मी डोळ्यांनी बघते. तुमच्या सगळ्या खात्यालाच वाचलेल्या पुस्तकापेक्षा न उघडलेलं पुस्तक सोयीचं वाटतं, कारण ते मोजायला सोपं.

नोटीस मागे घ्या. नियम 215 सारखी मर्यादा शाळांनाही लावा, निर्लेखनाचा अधिकार मुदत घालून मुख्याध्यापक आणि शाळा समितीला द्या, आणि बाइंडिंगसाठी दरवर्षी वेगळे पैसे द्या. आणि या वेळी तोंडी नको, लेखी आदेश काढा.

आपली,
एक शालेय ग्रंथपाल